पाच उन्हाळ्यांची हमी

माझ्या सासऱ्यांनी तो कागद माझ्या वडिलांच्या अंगावर फेकला नाही, एवढंच. बाकी एका माणसाला दुसऱ्याचा जेवढा म्हणून अपमान करता येतो तेवढा त्या दुपारी आमच्या अमडापूरच्या घरात दोन्ही बाजूंनी करून झाला. तोही हसतमुखानं, कारण ते दोघं एकमेकांचे व्याही होते.

भांडण एका छताचं होतं. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाच्या कडेला एकमजली स्लॅबचं घर बांधलं. आजूबाजूला सावलीचं नाव नाही, आणि वर दिवसभर ऊन. मे महिन्यात दिवस मावळल्यावरसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नसे. कूलर होता, पण कूलरला पाणी लागतं आणि आमच्याकडे उन्हाळ्यात नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. पाणी असलं की वीज नसायची. अशाच एका मेमध्ये आईला ऊन लागलं. स्वयंपाकघरात, पोळ्या करता करता ती कोसळली. चिखलीच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं आणि बाबांना स्पष्ट सांगितलं, की पुन्हा असं झालं तर मला भरवसा देता येणार नाही, यांना थंड जागेत ठेवा.

थंड जागा होती. मेहकरला, माझ्या सासरी. पण आई लेकीच्या घरी राहणार नव्हती. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. मला मूल होणार नाही हे तोवर दोन-तीन दवाखान्यांत सांगून झालं होतं. मी चिडून म्हटलं, "म्हणजे माझ्या घरी तू जन्मभर उपाशी?"

"हाव," ती म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हा तिचं स्वतःचं घरच थंड करणं भाग होतं.

आता योग असा की माझे सासरे, म्हणजे मामाजी, हेच काम करायचे. हीटप्रूफिंगचे ठेकेदार. स्लॅबवर थर्माकोलच्या जाड शीट फट न ठेवता अंथरायच्या, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा कोबा आणि सगळ्यांत वर फुटक्या पांढऱ्या टाइल्स. लोणारपासून हिवरा आश्रमापर्यंत दवाखाने, मंगल कार्यालयं, बियाण्याची गोदामं त्यांनी गार केली होती. त्यांना सोडून दुसऱ्याला काम दिलं असतं तर सोयरिकीत विस्तव पडला असता. त्यांना दिलं, तरी पडलाच.

कारण बाबांनी करारनामा लिहिला. जन्म कचेरीत गेलेला. त्यांना दूधवाल्याशीसुद्धा लेखी ठरवावंसं वाटायचं. दोन दिवस खपून, स्टॅम्पपेपरवर, आपल्या वळणदार अक्षरात. मामाजी जागा पाहायला आले, चहा झाला, आणि बाबांनी कागद पुढे सरकवला.

"इवाईबुवा, हे जरा पाहून घ्या."

मामाजींनी चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचताच काढला. "हे काय? लेकीचं खरेदीखत करून राह्यले काय?"

"करारनामा आहे. कामाचा."

"आपल्यात?"

"आपल्यात आहे म्हणूनच. उद्या कोनी म्हनाले नोको, का लेकीच्या सासऱ्याकून घर शाकारून घेतलं."

"आन मी फसवलं त कागद हाताशी असावा, असंच ना?"

"तसं नाही जी."

"मंग कसं?"

बाबांना उपकार नको होते. लेक दिलेल्या घरचं काहीही फुकट अंगाला लागू नये, म्हणून त्यांना कागद हवा होता. मामाजींना त्यात चोर ठरवल्याचं दिसलं. अशा वेळी दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. दोघंही हट्टी होते आणि दोघांच्या मधे मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

कागदावर शीटची जाडी होती, मुदत होती. लिहून देणाराने कामावर जातीने उभे राहून काम करून द्यावे, असं होतं. घर पाच उन्हाळे थंड राहील, न राहिल्यास लिहून देणाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे, असं होतं. सगळ्यात शेवटी, प्रत्येक दस्तात असते तशी, हा करार उभयतांवर व त्यांच्या वालीवारसांवर बंधनकारक राहील ही ओळ होती. ती बाबांनी सवयीनं लिहिली असणार. ती ओळ कुणी वाचत नाही.

"लिहा, आनखी काय लिव्हाचं ते लिहा," मामाजी म्हणाले. "माह्यी जनमपत्रिकाबी चिटकवा."

त्यांनी सही केली. राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, असं वर छापल्यासारखं लिहिलेलं. पेन इतकं दाबलं होतं की खालच्या कोऱ्या पानावर सही उमटली.

काम सुरू झालं तेव्हा माझ्या शाळेला सुट्टी होती. मी चिखलीच्या एका शाळेत शिकवते. सुट्टी म्हणून माहेरी आले होते, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

मामाजी रोज सकाळी मजुरांना घेऊन मेहकरहून येत. मजूर जिन्यानं वर जात. मामाजी त्यांच्या मागे निघाले की बाबा दारात आडवे. व्याही माणूस, त्यांना उन्हात उभं करायचं? लोक काय म्हणतील? "इवाईबुवा, तुम्ही कुठं वर जाता, पोट्टे करतात ना. बसा." मग दिवाणावर नवी चादर, उशाला तक्क्या, घरातला एकुलता एक कूलर त्यांच्या तोंडावर. लिंबाचं सरबत. मग नाश्ता. मग दुपारी आमरस, पोळी, कुरडया, भजी. आई, जिला उन्हापासून वाचवायला हा सगळा खटाटोप, ती तापलेल्या स्वयंपाकघरात व्याह्यांसाठी रस गाळत बसलेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथे व्याहीच घोड्यावर बसून रोज येत होते, आणि आम्हीच त्यांना खाली उतरू देत नव्हतो.

पहिल्या दिवशी मामाजींनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, हे मला कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून केला नाही. मे महिन्यात दोन वाट्या आमरस पोटात गेल्यावर माणूस उठत नाही.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी वावटळ आली. खिडकीतून मला एक पांढरी शीट हवेतून जाताना दिसली. मग दुसरी. मग चार-पाच एकदम. शेजारच्या शेतातल्या बाभळीत एक अडकली, काही पार नाल्यापर्यंत गेल्या. वरून मजुरांची धावाधाव ऐकू आली आणि नंतर एकदम शांतता झाली. मी बाहेरच्या खोलीत गेले. मामाजी घोरत होते. बाबा त्यांच्या पायाशी खुर्चीत, हातात पेपर.

"बाबा, शीटा उडाल्या. वर जाऊन पाहायला पाहिजे. मामाजींना उठवा."

बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. "झोपले ना ते."

"मग मी जाते."

"तू? इवायाच्या कामावर नजर ठेवाले आपली पोट्टी पाठवली म्हनतील. काही जरूर नाही. बस."

कागदात ज्यांना जातीने उभं करायचं लिहिलं होतं त्यांना बाबांनीच आडवं केलं होतं. हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण कागद एकीकडे आणि पाहुणचार एकीकडे, अशी त्यांच्या डोक्यात दोन वेगळी कपाटं होती. संध्याकाळी मामाजी उठले, तोंड धुतलं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून गच्चीकडे नजर टाकली. कोबा घातलेला होता, गुळगुळीत, छान. काम संपलं त्या दिवशी बाबांनी त्यांना टोपी, दुपट्टा आणि नारळ दिला. फोटोही काढला. दोघंही फोटोत रागावलेलेच दिसतात.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. हृदयाचा झटका, चिखलीच्या वाटेवर. माझ्याशिवाय त्यांना दुसरं मूल नव्हतं.

आई एकटी राहिली आणि उन्हाळा आला. पहिल्या फटक्यातच कळलं की घर काही थंड झालेलं नाही. समोरची खोली बरी होती. आई झोपायची ती मागची खोली आणि स्वयंपाकघर मात्र पहिल्यासारखंच भाजत होतं. आई फोनवर म्हणायची, ठीक हाय. शेजारणीनं मला फोन केला तेव्हा आई पुन्हा दवाखान्यात होती. सलाईन लावलेल्या हातानं तिनं माझा हात धरला आणि पहिलं काय म्हणाली? "तुह्या सासरी सांगू नोको." मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मी गवंडी बोलावला आणि मागच्या खोलीवरचा कोबा एका कोपऱ्यात फोडून घेतला. खाली थर्माकोल नव्हताच. रेती होती, विटांचे तुकडे होते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. शीटा उडाल्यावर मजूर घाबरले असणार. ठेकेदाराला झोपेतून उठवून सांगायची कुणाची छाती होती? सापडलं ते भरून त्यांनी उंची सारखी केली आणि वरून कोबा ओढला.

मेहकरला परत आल्यावर मी जेवणं होऊ दिली. मग विटेचा तुकडा आणि गोणीची चिंधी मामाजींच्या पुढ्यात ठेवली.

"हे आईच्या डोक्यावरून निघालं."

त्यांनी पाहिलं. त्यांना लगेच कळलं, धंदा त्यांचाच होता. चेहरा पडला, पण क्षणभरच. "तुह्या बापानं मले उठू देल्लं काय? सांग ना! तू होती ना तिथं? मले ताटावरून उठू देल्लं?"

"नाही दिलं. पण छत तुमचं आहे. कागदात पाच उन्हाळे लिहिलेत."

"कागद!" ते ओरडले. "ज्यानं लिव्हला तो गेला. त्याच्या संग गेला कागद."

सासूबाई मधे पडल्या. "काऊन इतकं बोलून राह्यली? मायचं इतकंच आहे त आन तिले इथं. जागा नाही काय?"

"ती येत नाही. का येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे."

त्या पाण्याचा तांब्या उचलून आत गेल्या. माझ्या मूल नसण्याचा विषय निघाला की आमच्या घरात प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवत होता, पुन्हा सुलटा करत होता. तोही बापाच्याच धंद्यात. मजूर तोच ठरवायचा, शीटा तोच मोजायचा. त्याला सगळं कळत होतं. मला त्याचा राग सासऱ्यांपेक्षा जास्त आला, आणि अजून येतो.

पंधरा दिवस मी तोंडानं मागितलं. आई दवाखान्यातून घरी आली होती, ओला पंचा डोक्याला बांधून समोरच्या खोलीत पडून राहत होती. मामाजी म्हणाले, करू. मग म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. मग माझ्याशी बोलायचेच थांबले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी बाबांच्या कपाटातून करारनामा काढला आणि वालीवारसांची ती ओळ वाचली. आईला विचारलं, वारस म्हणून सही करतेस का? ती म्हणाली, इवायाच्या विरोधात माह्या हातून होनार नाही. मग वारस मी एकटीच उरले. मी नोटीस लिहिली आणि मेहकरच्याच पोस्टातून रजिस्टर केली. पाठवणार मी, घेणार मामाजी, दोघांचा पत्ता एक. पोस्टातल्या बाईनं दोनदा वाचून पाहिलं. मी म्हटलं, बरोबर आहे, शिक्का मारा.

पोस्टमन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. दार मीच उघडलं. त्यानं नाव वाचलं. मी आत हाक मारली, "मामाजी, तुमचं रजिस्टर आलंय. सही पाहिजे."

पिठाच्या हातानं मी उभी राहिले. त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, घडी घातली. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला नाही. ते फक्त म्हणाले, "ठीक हाय. आता मालकाचं आन ठेकेदाराचं होईल." आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. सासूबाई त्यांच्यासाठी वेगळं रांधू लागल्या. मी शाळेची सुट्टी लागताच बॅग भरून आईकडे आले. थांब असं कुणी म्हणालं नाही.

आठवडाभरात ते अमडापूरला आले. ट्रकभर शीटा, जाळी, मजूर आणि माझा नवरा. या वेळी ते दिवाणावर बसले नाहीत. उंबरठ्याच्या आतही आले नाहीत. बाहेरच्या जिन्यानं सरळ गच्चीवर गेले. पाण्याचा कॅन त्यांनी स्वतःचा आणला होता, डबाही. भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ते दिवसभर मजुरांच्या डोक्यावर उभे. जुना कोबा फोडला. रेतीविटांचा ढीग त्यांनी मुद्दाम माझ्या दारासमोर लावायला सांगितला, मग स्वतःच उचलायला लावला. शीट शीटला चिकटली की नाही ते वाकून, बोट फिरवून बघत. एक मजूर फट ठेवून पुढे सरकला तर त्याला अशा शिव्या घातल्या की खाली आईनं कानावर हात ठेवले.

आईच्यानं राहवलं नाही. ती रसाची वाटी घेऊन जिन्याच्या तळाशी उभी राहिली. "इवाईबुवा, दोन घोट तरी घ्या जी. ऊन लागंल."

"ठेकेदाराले रस नसते, इहीनबाई," ते वरून म्हणाले. आवाजात तिच्याबद्दल राग नव्हता. "तुम्ही आत जा. तुम्हालेच लागंल."

ती वाटी माझ्या नवऱ्यानं घ्यावी असं मला वाटत होतं. तो जाळीची गुंडाळी सोडवत होता. त्यानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि तारांत बोटं घातली.

काम उत्तम झालं. मी द्वेषानं पाहत होते तरी मला मान्य करावं लागलं. शेवटच्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत गेले तर आई पलंगावर गाढ झोपली होती, पंचा बाजूला पडलेला. छताला हात पुरत नाही, पण भिंतीला लावला. गार होती. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण ते ज्यांच्यामुळे आलं त्यांना ते दाखवायचं नव्हतं.

बाहेर मामाजी ओट्यावर कागद घेऊन उभे होते. दुरुस्तीचं काम पूर्ण झाल्याचा, मालकाची तक्रार उरली नसल्याचा आणि उरलेल्या चार उन्हाळ्यांची हमी कायम असल्याचा कागद. बाबांच्याच भाषेत, त्यांच्याच जुन्या करारावरून उतरवलेला. लिहून देणार त्यांचं नाव. लिहून घेणार म्हणून माझं. माझं नाव, मधे माझ्या वडिलांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. ते नाव माझ्या लग्नपत्रिकेनंतर कुणी लिहिलं नव्हतं.

"नाव चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलं नाही. घर त्याईचं, वारस त्याईची. तू हेच त म्हनून राह्यली होती." त्यांनी पेन पुढे केलं. "माह्या घरची सून असती त असा कागद लागलाच नसता."

मला वाटलं होतं, ते एक दिवस रागाच्या भरात मला घराबाहेर काढतील. मग कुणीतरी मधे पडेल, समजूत घालेल, चार दिवसांनी मी परत जाईन. असं हे स्टॅम्पपेपरवर, शांतपणे होईल हे मला सुचलं नव्हतं. मी कागद फाडू शकत होते. पण फाडला असता तर काम पूर्ण झाल्याचंच कुठे लेखी राहिलं नसतं, आणि पुढच्या चार उन्हाळ्यांची हमीही. आत आई झोपली होती. मी त्या नावाखाली सही केली. 

"साक्षीदार पाह्यजे," मामाजी म्हणाले, आणि मुलाकडे पाहिलं.

माझा नवरा जिन्याखाली हात धूत होता. तो आला, पॅंटला हात पुसले, कागद घेतला. त्यानं वाचला. घाईनं नाही, पहिल्या ओळीपासून. माझ्या नावावर त्याची नजर थांबली ते मी पाहिलं. आता बोलेल, मी मनात म्हटलं. एकदा तरी, बापाला, हे काय लिहिलंत, एवढं तरी. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मामाजीसुद्धा पाहत होते, आणि मला अजून वाटतं की तेही कशाची तरी वाट बघत होते.

त्यानं कागद ओट्याच्या कडेवर ठेवला आणि साक्षीदार लिहिलं होतं तिथे सही केली. मग पेन तसंच धरून माझ्याकडे न बघता विचारलं, "आज तारीख किती?"

मी सांगितली.